नकाशात ठेवलेला घास

नकाशेकाकांच्या हातून चूक होत नसे. ते चूक करत. ठरवून, विचार करून करत, आणि ती नेमकी कुठे करायची हे ठरवायला त्यांना कधी कधी अख्खा नकाशा काढण्यापेक्षा जास्त वेळ लागे.

लोकांच्या घरांचे नकाशे काढून द्यायचे आणि ते नगरपालिकेतून मंजूर करून आणायचे, हा त्यांचा जन्मभराचा धंदा. खरं नाव बँकेच्या पासबुकात असेल तेवढंच. कचेरीतला शिपाई, गवंडी, वाळूवाला, शेजारची पोरं, सगळे त्यांना नकाशेकाकाच म्हणत. अंगानं किरकोळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शर्टाच्या खिशात तीन-चार पेनं आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. ट्रेसिंग पेपरवर रेघ चुकली की ते त्या ब्लेडनं ती अशी अलगद खरवडून काढत, की खाली रेघ होती हे कागदालासुद्धा आठवू नये. असा माणूस मुद्दाम चुका करतो हे सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं. म्हणून ते कुणाला सांगतही नसत.

हे त्यांना शिकवलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली काका काम शिकले ते म्हातारे नकाशेवाले. काकांनी काढलेला पहिला नकाशा एका शिंप्याच्या घराचा होता. पोरगेल्या उत्साहात काकांनी तो असा चोख काढला की बोट ठेवायला जागा नाही. नगरपालिकेच्या अभियंत्यानं तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. काही सापडेना. मग साहेब चिडले आणि जागेवर गेले. तिथे शेजाऱ्याचं गटार पाहिलं, मागच्या भिंतीचा वाद उकरून काढला, जुने कागद मागवले. शिंपी बिचारा रोज कचेरीच्या पायरीवर येऊन बसे आणि जाता-येता लोकांच्या सदऱ्यांची शिवण बघत राही.

उस्ताद पोट धरून हसले. "अरे, साहेबाला जेवायला बोलावलंस आणि ताटात काहीच वाढलं नाहीस. मग तो तुझ्या फडताळात हात घालणारच की!"

मग त्यांनी समजावलं. अभियंत्याच्या डोक्यावर मोठे साहेब असतात. मोठे साहेब नकाशा वाचत नाहीत, नकाशावरचा लाल शेरा वाचतात. शेराच नसेल तर त्यांना वाटतं, यानं एकतर फाइल बघितलीच नाही, नाहीतर बघून खिसा गरम केला. म्हणजे अभियंत्याला शेरा मारायला काहीतरी लागतंच. ते आपणच पुढे करायचं. लहानसं, नजरेत भरणारं, आणि तिथल्या तिथे टेबलावर पेनानं सुधारता येईल असं. उस्ताद त्याला 'घास' म्हणत.

काका या विद्येत पुढे उस्तादांच्याही पुढे गेले. बांधकाम परवानगीचा विभाग वरच्या मजल्यावर होता. लांबलचक खोली, भिंतीला लागून फायलींची कपाटं, आणि छताचे पंखे असे सुसाट की प्रत्येक टेबलावर कागद दाबायला फरशीचे तुकडे नाहीतर अर्ध्या विटा ठेवलेल्या. कुणालाही घर बांधायचं तर जागेचे कागद आणि नकाशा घेऊन आधी आवक खिडकीशी यायचं. तिथून फाइल अभियंत्याकडे. तो बघणार, बाजूला जागा किती मोकळी सोडली, समोरचा रस्ता किती रुंद, खोलीत उजेड येतो का, सांडपाणी जाणार कुठे. चूक निघाली तर लाल शेरा, मग दुरुस्ती, मग मोठ्या साहेबांची सही आणि सहीवर गोल शिक्का. सांगायला इतकं सोपं आहे. त्या शिक्क्याची वाट बघता बघता म्हातारी झालेली माणसं काकांनी पाहिली होती.

त्या खोलीतल्या प्रत्येक साहेबाची आवड काकांना पाठ होती. एक साहेब जिन्यावर जीव टाकणारे, त्यांच्यासाठी काका एखाद्या पायरीचा आकडा लिहायचा बाकी ठेवत. दुसऱ्यांना गटारांचा भारी शौक. त्यांच्या नकाशात पाणी कुठल्या दिशेनं वाहतं तो बाण गायब. तिसरे आळशी, त्यांना दिसायलाही सोपं हवं, म्हणून उत्तर दिशाच सोडून द्यायची. साहेब आनंदानं हाक मारत, "काय काका, उत्तर कुठे गेली?" काका कपाळावर हात मारून घेत, "अरेरे, वय झालं साहेब!" आणि तिथेच उभ्या उभ्या बाण काढून देत. साहेबांची हुशारी सिद्ध, मोठ्या साहेबांचं समाधान, घरवाल्याचं घर उभं. यात वाईट कुणाचं झालं? कुणाचंच नाही. इतकी वर्षं तरी नाही.

ताई ही काकांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला हिनंच वाढवलं. लोकांचे कपडे शिवून त्याला नकाशे काढायच्या वर्गाला घातलं. सरळ रेघा मारायची लाकडाची पहिली टी-पट्टीही तिनंच आणून दिली. ती पट्टी अजून काकांच्या टेबलावर होती, कडा झिजून गुळगुळीत झालेली. साऱ्या गावाचे काका, पण ताईसाठी ते अजून 'छोट्या'च होते.

ताईचं लग्न झालं, आणि फार दिवस न जाता नवरा गेला. मग दिराच्या घरी स्वयंपाकघरात तिचं अंथरूण पडायचं. शेवटची भांडी घासून झाल्याशिवाय पाठ टेकायची सोय नाही. पुढे पुतण्याकडे जिन्याखाली. आता भावाकडे, बाहेरच्या खोलीत. आतली खोली काकांच्या मुलाची आणि सुनेची, दुसरी काकांची, जिच्यात त्यांचं टेबल, नकाशांच्या गुंडाळ्या आणि नातीच्या अभ्यासाचा पसारा. काकांनी ताईला आपली खोली दिली असती. त्यांनी तसं म्हटलंही. ताई म्हणाली, "आणि तुझं टेबल काय डोक्यावर घेऊन बसशील?" विषय संपला. सगळी उठायच्या आत ती अंथरुणाची वळकटी करून सोफ्यामागे सारून द्यायची, जणू ती तिथे झोपलीच नव्हती. घरातलं कुणी तिला वावगं बोलत नसे. सून तर गुणाची होती. पण दारावरून जाणारा-येणारा, दूधवाला, नातीच्या मैत्रिणी, सगळे ताईच्या उशापायथ्यावरूनच जात. उभ्या आयुष्यात ती बंद दाराआड एकटी कधी झोपली नव्हती. त्या घरात तर न्हाणीघराचीसुद्धा कडी मोडलेली होती. आत असलेल्यानं खोकायचं, बाहेरच्यानं समजून घ्यायचं. कडी बसवू बसवू म्हणत सगळ्यांनाच खोकायची सवय झाली होती.

ताईच्या नवऱ्यानं जिवंतपणी एका गल्लीत जागेचा तुकडा घेऊन ठेवला होता. एक ट्रक उभा केला तर भरून जाईल एवढाच. दिरांनी तो बरीच वर्षं दाबून धरला. काकांनी कागदांचा पिच्छा पुरवला, चपला झिजवल्या, आणि अखेर जागेवर ताईचं नाव लागलं. शिवणकामावर जमवलेलं थोडंफार तिच्याकडे होतं. एका खोलीपुरतं पुरणार होतं.

ती टेबलाशी येऊन बसली. काकांनी पेन्सिलीला टोक काढलं.

"बोला बाई, किती खोल्या काढू?"

"एकच काढ. पण दार असलेली."

"ताई, सगळ्या खोल्यांना दार असतं."

"तुझ्या बाहेरच्या खोलीला कुठाय? ते घराचं दार आहे, माझं नाही." ती पुढे वाकली. "दाराला आतून कडी पाहिजे. मी लावली की लागली. कुणी वाजवलं तर उघडायचं की नाही ते मी ठरवीन."

"आणि तू उघडलंच नाहीस तर लोक म्हणतील, गेली म्हातारी."

"म्हणू देत. मी आतून ओरडून सांगेन, जिवंत आहे. आणि पुन्हा पडून राहीन."

दोघंही खूप हसली. काकांनी खोली काढली, कोपऱ्यात ओटा, मागे न्हाणीघर, रस्त्याकडे खिडकी. ताईनं कागदावर बोट ठेवलं. "कडी कुठाय?" नकाशात कडी दाखवत नाहीत हे काकांनी सांगून पाहिलं. ती ऐकेना. शेवटी त्या कच्च्या कागदावर त्यांनी दाराला एवढीशी कडी काढून दिली. ताईनं तो कागद घडी करून आपल्या पेटीत ठेवला.

आणि नेमकी तेव्हाच बातमी आली. त्या भागातल्या गल्ल्या रुंद होणार होत्या. पुढच्या महिन्यापासून येणाऱ्या फायलींना नवा नियम, रस्त्याला लागून आणखी कितीतरी जागा सोडायची. ज्यांची फाइल त्याआधी पूर्ण दाखल होईल त्यांना जुनाच नियम. ताईच्या तुकड्यातून नव्या नियमानं जागा सोडली तर मागे एक पट्टी उरत होती. तिच्यात घर बसत नव्हतं. म्हणजे काय ते या महिन्यात.

सगळ्या गावाची तीच घाई. आवक खिडकीशी रांग, कपाटांबाहेर फायलींचे ढीग. वर जुने साहेब एकेक करून निवृत्त झाले होते, कुणाची बदली झाली होती. त्यांच्या जागी एक नव्या मॅडम आल्या होत्या. तरुण, शांत, कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत अशी ख्याती.

काकांनी खिडकीवरच्या कारकुनाला हळूच विचारलं, "मॅडमना काय आवडतं रे?"

"पूर्ण फाइल आवडते, काका," तो म्हणाला.

काकांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

ताईचा नकाशा त्यांनी जीव ओतून काढला. एकच गोष्ट त्यांना खात होती. गल्लीच्या तोंडाशी कोपऱ्यावरच्या घराचा ओटा बाहेर आला होता आणि तिथे गल्ली अरुंद झाली होती. टेप सैल धरली तर रस्ता नियमात बसत होता, ताणून धरली तर बसत नव्हता. मॅडमनी तिथे टेप लावली तर? जुना नियमही कामाचा राहिला नसता. चोख नकाशा, काहीच सापडत नाही, मग चिडलेला साहेब जागेवर जातो, हे त्यांनी पहिल्याच नकाशात पाहिलं होतं. शिंप्याचा तो चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

म्हणून त्यांनी घास ठेवायचं ठरवलं. दारं-खिडक्यांच्या तक्त्यात न्हाणीघराच्या झरोक्याची ओळ पेन्सिलीनं लिहिलेली होती, शाई फिरवायची बाकी होती. झरोका नकाशात दिसत होता, भिंतीत बरोबर जागेवर होता. तक्त्यातली तेवढी ओळ त्यांनी रबरानं पुसली आणि रबराचा भुगा फुंकून टाकला.

ताई चहा घेऊन आली. "झालं?"

"झालं."

"सगळं आलं ना त्यात?"

"सगळं," काका म्हणाले.

फाइल देताना खिडकीवरचा कारकून म्हणाला, "काका, भिंतीवरचं परिपत्रक वाचलंत ना? आता शेरा मारून थांबवत नाहीत हं. अपुरी असली की फाइल थेट परत. आणि परत आलेली पुन्हा दिली की ती नवी धरतात."

"अशी परिपत्रकं मी पुष्कळ पाहिलीत," काका हसले. "भिंतीला रंग दिला की जातात."

खिशात पेन होतं. फाइल अजून हातात होती. रांगेतल्या माणसाला "एक मिनिट हं" म्हटलं असतं तर त्यानंही कुरकुर केली नसती. एक ओळ लिहायची होती. पण माणसाला एकदा आपल्या शहाणपणाची सवय लागली की त्याला देवसुद्धा वाचवू शकत नाही, आणि इथे तर साधा कारकून होता. काकांनी फाइल आत सरकवली, पोच घेतली, आणि शीळ घालत जिना उतरले.

त्याच दिवशी ताई एकटीच बाजारात जाऊन आली. येताना हार्डवेअरच्या दुकानातून तिनं एक पितळी कडी आणली. स्क्रूसकट, चांगली जाडजूड. कुणाला न दाखवता तिनं ती कागदात बांधून पेटीत ठेवली. काकांनी ते पाहिलं.

महिना उलटला. मॅडम ढिगातली एकेक फाइल तपासत होत्या आणि ढीग काही हलत नव्हता. काका रोज चौकशीला जात आणि परत येऊन ताईला सांगत, "वरच्या थराला आलीय आता." मग एक दिवस कारकुनानं खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मॅडमनी भेटायला सांगितलंय, काका."

मॅडमनी त्यांना बसायला खुर्ची दिली. नकाशा टेबलावर उघडलेला होता, एका कोपऱ्यावर अर्धी वीट. तक्त्यापाशी लाल पेन्सिलीची एक खूण.

"न्हाणीघराचा झरोका नकाशात आहे, तक्त्यात नाही," त्या म्हणाल्या.

काकांचा जीव भांड्यात पडला. घास बरोबर सापडला होता! त्यांनी सवयीनं कपाळावर हात मारला, "अरेरे, वय झालं मॅडम," आणि खिशातून पेन काढलं. "हे बघा, तुमच्यासमोर लिहून देतो."

"काका, हात नका लावू त्याला."

पेन तसंच हवेत राहिलं.

"ती फाइल अपुरी म्हणून परत गेलीय. कालच नोंद झाली. आता तुम्ही दिलीत तर ती नवी. आणि नव्या फाइलला नवा रस्ता."

"एक ओळ आहे, मॅडम. एका झरोक्याची."

"मला दिसतंय ना. मी मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले होते. ते म्हणाले, एक सोडली तर ढिगातल्या सगळ्या सोडाव्या लागतील." मॅडमनी फाइलवरचं नाव पाहिलं. "ज्यांच्या नावावर आहे त्या तुमच्या कोण?"

"बहीण." काकांनी पेन खिशात ठेवलं. "आणि ते गल्लीचं तोंड? तिथली रुंदी?"

"ती बसते. मी स्वतः जाऊन मोजली, टेप ताणून. ओटा लक्षात नाही घ्यायचा, तो अतिक्रमणात येतो. मोजायचं ते भिंतीपासून. खरं सांगू, काका, बाकी तुमच्या नकाशात काही म्हणजे काही नव्हतं. असा नकाशा मी इथे आल्यापासून पाहिला नाही. तुमच्यासारखा माणूस झरोका विसरला कसा?"

"विसरलो नाही. मुद्दाम गाळला."

"मुद्दाम? कशासाठी?"

"तुमच्यासाठी."

आणि मग काकांनी तिथे बसून त्यांना सगळं सांगितलं. उस्ताद, शिंपी, जिन्याचे साहेब, गटाराचे साहेब, हरवलेली उत्तर दिशा. कधी कुणापाशी उघडं न केलेलं ते असं भरल्या कचेरीत, पंख्याच्या घरघरीत सांगून मोकळे झाले. मॅडमनी विटेचा तुकडा उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला.

"मला सांगायचं तरी हो," त्या म्हणाल्या. "असं काही असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

काकांनी पुढे सगळे दरवाजे ठोठावून पाहिले. मोठे साहेब, त्यांच्यावरचे साहेब, तक्रार निवारण, वॉर्डातले नगरसेवक. कुणी बसवून ऐकून घेतलं, कुणी उभ्या उभ्या. निवृत्त झालेले जिन्याचे साहेब तर घरी गेल्यावर हळहळले, "माझ्या वेळी असतं तर!" त्यांच्या वेळी असतं तर झालं असतं, हे काकांनाही माहीत होतं. ऐकायला तेवढं आणखी जड गेलं. घरी येऊन ते टेबलावर नवा कागद लावत, नव्या रस्त्याची रेघ मारत आणि उरलेल्या पट्टीत खोली बसवून बघत. आडवी, उभी, तिरकी. खाट ठेवली की माणूस मावेना, माणूस उभा केला की दार उघडेना. ब्लेडनं खरवडून खरवडून कागद पार झिरझिरीत झाला. इतक्या लोकांची घरं त्या टेबलावरून उभी राहिली होती, आणि ज्या बाईनं ते टेबल लावून दिलं तिचं तेवढं उभं राहीना. काकांना स्वतःच्या हातांची शिसारी आली.

ताईला त्यांनी दुपारी सांगितलं. सून कामावर, नात शाळेत. ताई सोफ्याच्या टोकाला बसून नातीच्या दप्तराचा पट्टा शिवत होती.

"ताई, फाइल परत आली."

"परत म्हणजे? पुन्हा द्यायची ना?"

"नाही. आता नाही होणार ते. घर नाही होणार."

ताईची सुई थांबली. "ती मॅडम खडूस आहे का रे?"

"नाही. चांगली आहे."

"मग?"

इथे काकांना वाटेल ते सांगता आलं असतं. नियम बदलला, सरकार बदललं, गल्लीत रस्ता आला. ताईनं त्यातल्या कशावरही विश्वास ठेवला असता, उलट भावाचीच समजूत काढली असती. पण काकांनी खरं सांगितलं. घास म्हणजे काय, तो का ठेवतात, आणि तिच्या नकाशात तो कुठे ठेवला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे विसरला नव्हतास."

"नाही."

"मी विचारलं होतं, सगळं आलं ना. तू म्हणालास, सगळं."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला.

"लोकांच्या घरांत ठेवायचास ते तुझं तू बघ. माझ्या घरात कशाला ठेवलास रे, छोट्या?"

काका रडायला लागले. साठी उलटलेला माणूस, खांदे हलत होते, नाक गळत होतं. लहानपणी तो पडला, धडपडला, नापास झाला की ताई त्याचं डोकं ओढून पोटाशी धरायची. आज तिनं धरलं नाही. तिनं दोरा दातानं तोडला, पट्टा ओढून बघितला, दप्तर बाजूला ठेवलं. आत जाऊन पेटी उघडली आणि कागदात बांधलेली ती कडी आणून भावाच्या पुढ्यात ठेवली.

"न्हाणीघराला बसव. पडून पडून काळी पडायची."

काकांनी दुसऱ्या दिवशी कडी बसवली. माप घेतलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, भोकं पाडली, स्क्रू पिळले. दारावर ती अशी बसली की जणू त्या दारासाठीच घडवली होती. सून संध्याकाळी आली आणि खूश झाली. "बरं झालं बाई, एकदाचं ते खोकणं संपलं!"

त्यानंतर काकांनी कुणाच्याही नकाशात घास ठेवला नाही. नकाशे आता जसेच्या तसे मंजूर होऊन येतात, खिडकीवरचा कारकून त्यांचं कौतुक करतो, आणि काका पोच घेऊन न बोलता जिना उतरतात. ताईच्या तुकड्यात गल्लीतल्या लोकांनी स्कूटर लावायला सुरुवात केली आहे. ताई त्या बाजूला जात नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती वळकटी सोफ्यामागे सारते. भावाशी बोलते, त्याला चहा देते, त्याच्या शर्टाची बटणं लावते. त्याला छोट्या म्हणत नाही.

दुपारी घरात दोघंच असतात. काका टेबलाशी, ताई बाहेरच्या खोलीत. जेवणं होतात, भांडी होतात, आणि मग ताई टॉवेल घेऊन न्हाणीघरात जाते. कडी लागल्याचा आवाज येतो. पितळेची आहे, चांगली खणकन लागते. त्यानंतर काहीच ऐकू येत नाही. नळ नाही, बादली नाही. ओल्या फरशीवर लाकडी पाट टाकून ती नुसती बसून असते, हे काकांना कुणी सांगावं लागत नाही. तेवढा वेळ ते हातातलं पेन कागदाला लावत नाहीत.

मग नात शाळेतून येते, दप्तर टाकते आणि दारावर टकटक करते. "आत्याआजी, झालं का गं?"

आत घाईघाईनं एक तांब्या पाणी फरशीवर ओतल्याचा आवाज होतो, आणि पहिल्याच टकटकीला "आले, आले" म्हणत ताई कडी काढते.